गणपती ते गणपती

परवा विद्यापीठाचे निकाल लागले. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा दोन विषयांत राहिला आणि दुसऱ्या दिवसापासून कॉलेजकडे फिरकलाच नाही. 'हरलेल्याकडं कोण बघतंय?' असं तो मित्राजवळ म्हणाल्याचं कळलं. ते ऐकलं आणि मला एकदम डर्बी आठवलं.

डर्बी म्हणजे घोड्यांची शर्यत नव्हे, वाचकहो! इंग्लंडच्या मध्यभागी या नावाचं एक शहर आहे. रेल्वेचे जुने कारखाने आणि रोल्स-रॉईसची विमानांची इंजिनं ही त्याची ओळख. तिथला फुटबॉल क्लब म्हणजे डर्बी काउंटी. गंमत अशी, की 1884 साली तो जन्मला तिथल्या क्रिकेट क्लबच्या पोटी. 1888 मध्ये इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संघांपैकी हा एक. 1972 आणि 1975 साली तो इंग्लंडचा विजेताही ठरला होता. म्हणजे घराणं जुनं, एकेकाळी नांदतं. पण दिवस पालटलेले.

2005-06 मध्ये हा संघ दुसऱ्या वर्गात विसावा होता. पुढच्याच वर्षी, मे 2007 मध्ये, वेम्बलीवर वेस्ट ब्रॉमविच अल्बियनला 1-0 असं हरवून तो थेट प्रीमियर लीगमध्ये जाऊन बसला. तिथं वीस संघ, प्रत्येकाचे 38 सामने. विजयाला 3 गुण, बरोबरीला 1 आणि शेवटच्या तिघांना पुन्हा खालच्या वर्गाची वाट.

नेमका त्याच उन्हाळ्यात माझा मामेभाऊ बंगळूरच्या कंपनीकडून डर्बीला गेला. मामाचं बिऱ्हाड बंगळूरला हलल्यापासून अज्जी आमच्याकडे बेळगावात असे. तिला आजी म्हणायचं की अज्जी, हा प्रश्न आमच्या घरात कधी पडलाच नाही. दर रविवारी भावाचा फोन यायचा. अज्जीला ऐकू कमी येई, म्हणून बोलणं मी करायचं आणि सांगायचंही मीच. परक्या गावात एकट्या पडलेल्या पोराजवळ बोलायला काय असणार? तो फुटबॉल सांगायचा. मग अज्जीनंही एकच प्रश्न धरला, "इवत्तर गेद्रेनु?" आज तरी जिंकले का?

पहिल्या सामन्यात पोर्ट्‌समथशी 2-2 अशी बरोबरी झाली. नंतर टॉटनहॅमकडून 4-0, लिव्हरपूलकडून 6-0! सप्टेंबरमध्येच एका आयरिश सट्टा कंपनीनं 'डर्बी खाली जाणार' म्हणणाऱ्यांना पैसे चुकते करून टाकले. मोसमाचे आठ महिने अजून बाकी होते.

त्या वर्षी गणेश चतुर्थी 15 सप्टेंबरला होती. तिसऱ्या रात्री गल्लीतल्या मांडवात राखणीला बसलेल्या पोरांना टीव्हीवर ट्वेंटी-20 विश्वचषकाची क्षणचित्रं हवी होती. मी हट्टानं फुटबॉल लावला. साडेबारा वाजून गेले होते. समोर न्यूकॅसल. नुकताच संघात आलेला केनी मिलर हा स्कॉटिश गडी पहिलाच सामना खेळत होता. त्यानं लांबून असा फटका मारला, की गोलरक्षकाचं काही चाललं नाही. 1-0. डर्बी जिंकलं! सकाळी अज्जीला सांगितलं. तिनं गणपतीपुढं साखर ठेवली.

तेव्हा आम्हाला कुठं ठाऊक होतं, की त्या मोसमातला तो पहिला आणि शेवटचा विजय आहे!

पुढं आर्सेनलनं पाच गोल घातले. वेस्ट हॅमनं डर्बीच्या घरी येऊन पाच घातले. नोव्हेंबरात प्रशिक्षक बिली डेव्हिस गेले, पॉल ज्युवेल आले. ज्युवेल यांना उरलेल्या 24 सामन्यांत एकही विजय मिळाला नाही. मार्चमध्ये चेल्सीनं 6-1 असं झोडपलं. 29 मार्चला फुलमशी 2-2 अशी बरोबरी झाली आणि सहा सामने शिल्लक असतानाच खालच्या वर्गाचं तिकीट पक्कं झालं. मोसम संपला तेव्हाचा हिशेब असा : 1 विजय, 8 बरोबऱ्या, 29 पराभव. केलेले गोल 20, खाल्लेले 89. गुण 11. प्रीमियर लीगमध्ये तोवर इतके कमी गुण कुणाचेच नव्हते. पुढं 2024-25 मध्ये साउदॅम्प्टनचा संघ त्या आकड्याच्या अगदी जवळ येऊन गेला, पण 12 गुण करून कसाबसा सुटला.

त्याच वर्षी माझी नेट परीक्षा दुसऱ्यांदा हुकली होती. अतिथी व्याख्याता म्हणून तासांवर राबत होतो. नातेवाइकांच्या लग्नाला जायचं टाळायचो, कारण तिथं 'काय झालं परीक्षेचं?' हे ठरलेलं. म्हणून एका रविवारी भावाला विचारलं, "आता मैदान ओस पडलं असेल ना रे?"

"छे! तिकीट मिळत नाही," तो म्हणाला.

मला खरं वाटेना. पण आकडे बोलतात. प्राइड पार्क या त्यांच्या मैदानात माणसं मावतात साडेतेहतीस हजारांच्या आसपास आणि त्या मोसमात घरच्या सामन्यांची सरासरी उपस्थिती होती 32 हजारांच्या वर! खाली जाणं पक्कं झाल्यावर घरी तीन सामने झाले. अॅस्टन व्हिला 0-6, आर्सेनल 2-6, रीडिंग 0-4. तरी लोक येत राहिले.

"ओरडतात, शिव्याही घालतात," भाऊ म्हणाला, "पण खुर्चीवर बसून. शेजारी एक म्हातारा असतो. तो म्हणतो, हे काय जिंकतात म्हणून आमचे आहेत होय?"

त्या उन्हाळ्यात मी एका लग्नाला गेलो. परीक्षेचं विचारलं तेव्हा 'नाही झाली' असं सांगून पंगतीला बसलो. फार काही बिघडलं नाही.

खालच्या वर्गात गेल्यावर तरी लगेच जिंकावं की नाही? तसंही झालं नाही. लीगमधले लागोपाठ 36 सामने विजयाविना गेले. अखेर 13 सप्टेंबर 2008 रोजी, शनिवारी, डर्बीनं शेफील्ड युनायटेडला 2-1 असं हरवलं. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. एका गणपतीत जिंकलेला संघ थेट दुसऱ्या गणपतीत जिंकला!

रविवारी भावाचा फोन आला तेव्हा बाहेर ढोल-ताशे सुरू झाले होते. त्या गोंगाटातही अज्जीनं विचारलंच, "इवत्तर गेद्रेनु?"

"गेद्रु, अज्जी! गेद्रु!" मी ओरडलो.

वाटलं, आता ती पुन्हा साखर आणायला उठेल. ती नुसती "हौदा?" म्हणाली आणि लगेच पुढचा प्रश्न आला, "अवा ऊट माड्यानेनु?" पोरगं जेवलं का?

वर्षभर ती कुणाची चौकशी करत होती, ते मला तेव्हा कळलं.

अज्जी आता नाही. भाऊ बंगळूरला परतून बरीच वर्षं झाली. त्या विद्यार्थ्याचा नंबर माझ्या वहीत आहे. कोणते दोन विषय राहिले ते मला ठाऊकच आहे, तेव्हा ते विचारायची गरज नाही. आज संध्याकाळी फोन लावणार आहे. जेवलास का, एवढंच विचारीन म्हणतो.