उपचार पूर्ण, नस्ती बंद

सरकारी मराठीतला सर्वांत लाडका शब्द कोणता, असे कुणी विचारले तर मी ‘पाठपुरावा’ असे उत्तर देईन. माझी नोकरीची बहुतेक वर्षे महाराष्ट्राबाहेर गेली. तिथे या शब्दाचे नाव वेगळे, पण भक्ती तीच. प्रत्येक पत्राच्या शेवटी तो असतो, प्रत्येक बैठकीच्या कार्यवृत्तात असतो. मात्र जिथे त्याच्यावर माणसाचे जगणे अवलंबून आहे तिथे तो नेमका सापडत नाही. कर्करोगाचे उपचार संपवून रुग्ण घरी गेला की आपल्या प्रशासनाच्या लेखी तो उरतच नाही.

चार वर्षांपूर्वी माझ्यावर स्तनाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार झाले. रजेवरून परतताना ‘रुजू होण्यास योग्य’ असे एका ओळीचे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडले. रजेच्या नियमांना दोनच अवस्था ठाऊक आहेत : आजारी आणि तंदुरुस्त. मी आजही तिसऱ्याच एका अवस्थेत आहे. रोज एक गोळी, वर्षातून एकदा मॅमोग्राफी, संध्याकाळपर्यंत जड होणारा डावा हात, आणि तपासणीच्या तारखेआधीचे ते आठ दिवस, ज्यांत साधी टिपणीसुद्धा दोनदा वाचावी लागते. लोक विचारतात, “आता सगळं ठीक ना?” आपण हो म्हणतो. पण माझी तक्रार स्वतःसाठी नाही. मी मोठ्या शहरात राहते, खर्चाची प्रतिपूर्ती मिळते, एका फोनवर डॉक्टरांची वेळ मिळते. तक्रार आहे ती माझ्या दालनाबाहेर बसणाऱ्या कंत्राटी शिपायाच्या वतीने.

त्याला गालाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार सरकारी योजनेतून झाले, एक पैसाही लागला नाही. घरी सोडताना डॉक्टरांनी दर दोन महिन्यांनी दाखवायला येण्यास सांगितले. रुग्णालय एका रात्रीच्या प्रवासावर. तोंड नीट उघडत नसल्याने त्याचे बोलणे परक्याला कळत नसे, म्हणून पत्नीला सोबत जावे लागे. म्हणजे दोघांचीही मजुरी बुडाली, शिवाय मुक्कामाचा आणि जेवणाचा खर्च. तो दोनदा गेला, तिसऱ्यांदा गेला नाही. का आला नाहीस, असे त्याला कुणीही विचारले नाही, कारण ते विचारणे कुणाच्याच कामाच्या वाटणीत नव्हते. पुढे मानेत गाठ आली, तेव्हा फार उशीर झाला होता.

त्याच सुमारास त्या योजनेची आढावा बैठक माझ्याच अध्यक्षतेखाली झाली होती. लाभार्थी किती, दावे किती, मंजूर किती, प्रलंबित किती, निकाली किती, असे सगळे रकाने भरलेले. त्याचा दावा ‘निकाली’ या रकान्यात होता. प्रलंबित संख्या शून्यावर आणल्याबद्दल मी संबंधित अधिकाऱ्याचे अभिनंदन केले. स्वतः दर सहा महिन्यांनी तपासणीला जाणाऱ्या मला त्या तक्त्यात एक रकाना कमी आहे, हे दिसले नाही. हे लिहिताना मला लाज वाटते.

तोंडाचा आणि घशाचा कर्करोग उलटतो तो बहुतांशी पहिल्या दोन-तीन वर्षांत. मानेवर किरणोपचार झाले की थायरॉइड ग्रंथी मंदावण्याची शक्यता असते, म्हणून सहा ते बारा महिन्यांनी रक्त तपासावे लागते. दात आणि जबडा जपावा लागतो. काही औषधांमुळे हृदयावर परिणाम होऊ शकतो. म्हणजे नंतरची तपासणी हा उपचारांचाच भाग आहे. आता योजना पाहा. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाख रुपयांचे संरक्षण देते, ही मोठीच गोष्ट आहे. पण रुग्णालयात दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि सुटीनंतरचे १५ दिवस एवढीच तिची नजर पोहोचते. एरवीची बाह्यरुग्ण तपासणी तिच्यात येत नाही. आजाराचे वेळापत्रक पाच वर्षांचे आणि शासनाचे पंधरा दिवसांचे! हा विचार प्रशासनाला कधी सुचलाच नाही असेही नाही. महाराष्ट्रात २०१२ साली सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी योजनेत ९७१ उपचारांबरोबर नंतरच्या तपासण्यांची १२१ पॅकेजेही होती. पण पॅकेज म्हणजे आलेल्या रुग्णाचे देयक. न आलेल्याला शोधायचे कुणी?

गंमत अशी की, हे रेल्वेला कळले आहे. तिच्या सवलतीच्या नियमांत कर्करोगाचा रुग्ण उपचारासाठी ‘किंवा नियतकालिक तपासणीसाठी’ प्रवास करतो असे स्पष्ट लिहिलेले आहे, आणि स्लीपर व थर्ड एसीमध्ये त्याला पूर्ण भाडेमाफी आहे. रुग्णाला पुन्हा यायचे आहे हे तिकीट खिडकीला ठाऊक आणि आरोग्य खात्याच्या तक्त्याला नाही!

एवढ्या रुग्णांच्या मागे कोण धावणार, अशी हरकत माझे सहकारी घेतात. यावर माझे उत्तर असे, की आपण धावतोच आहोत. क्षयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात प्रत्येक रुग्णाची नोंद २०१२ पासून ‘निक्षय’ प्रणालीत होते, आणि उपचार पूर्ण झाल्यावरही ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी त्याला तपासावे असे मार्गदर्शक तत्त्व आहे. अंमलबजावणीत उणिवा असतील, पण रकाना आहे. क्षयरोग संसर्गजन्य आहे म्हणून हे चालते, असे यावर म्हटले जाते. बरोबर. कर्करोगाचा रुग्ण दुसऱ्याला आजार देत नाही. मग शासन रुग्णाच्या दारी जाते ते त्याच्यासाठी की शेजाऱ्यांसाठी, याचे उत्तर एकदा टिपणीवर लिहून द्यावे.

पैशांची सबबही टिकत नाही. गालाची आणि मानेची पहिली तपासणी प्रशिक्षित डोळे, बॅटरी आणि हातमोजे घातलेली बोटे यांवर होते. त्यासाठी रात्रभराचा प्रवास कशाला? शंका आली तरच मोठ्या रुग्णालयात पाठवावे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उघडण्याची घोषणा झाली, त्यांपैकी २०० त्याच वर्षात. ही केंद्रे मुख्यतः केमोथेरपीसाठी आहेत. तिथेच आठवड्यातला एक दिवस उपचार संपलेल्यांसाठी राखावा, एक नोंदवही ठेवावी, आणि तारीख चुकवणाऱ्याला तीन दिवसांत फोन करण्याचे काम एका परिचारिकेच्या नावावर लेखी लावावे. मुंबईच्या टाटा रुग्णालयात लहानपणी बऱ्या झालेल्या रुग्णांसाठी उपचारोत्तर स्वतंत्र क्लिनिक १९९१ पासून चालू आहे. म्हणजे कल्पना जुनी आहे; तिला लेखाशीर्ष तेवढे मिळालेले नाही.

माझे बरेच वाचक इंदूर, बडोदा, हैदराबाद, दिल्ली असे घरापासून दूर राहतात. पुष्कळदा उपचार मुंबईत किंवा पुण्यात होतात आणि नंतरची वर्षे परगावी काढायची असतात. रुग्णालय सोडण्यापूर्वी उपचारांचा लेखी गोषवारा मागून घ्या : आजाराची अवस्था, औषधांची नावे आणि मात्रा, किरणांची मात्रा व जागा, पुढच्या तपासण्यांच्या तारखा. नव्या गावच्या डॉक्टरला बिलांची थप्पी उपयोगाची नाही.

आणि तुमच्यापैकी कुणी जिल्हा पातळीवर काम करीत असेल, आणि न आलेल्या रुग्णाला फोन करण्याची पद्धत तिथे असेल, तर त्या नोंदवहीचा नमुना मला अवश्य पाठवावा. आमच्या तक्त्यात रकाना वाढवण्याचा प्रस्ताव मी पाठवला आहे. तो सध्या ‘विचाराधीन’ आहे आणि मी त्याचा पाठपुरावा करीत आहे.