मर्मर नाही, म्हणून कार्डायटिस नाही?

गुडघ्याची सूज उतरते न उतरते तोच घोटा धरला, अंगात ताप; शिरोळ किंवा शाहूवाडीहून असे मूल आले की आपल्यापैकी बरेच जण एएसओ पाठवतात, स्टेथोस्कोप लावतात आणि मर्मर नसेल तर हृदय ठीक आहे, असे पालकांना सांगून मोकळे होतात. या सांगण्याचा आधार २०१५ मध्येच गेला. त्या वर्षी सुधारलेल्या जोन्स निकषांनी ऱ्हुमॅटिक फिव्हरच्या प्रत्येक संशयित रुग्णाचा डॉपलरसह इको करावा असे म्हटले आणि कानाला न कळणाऱ्या, केवळ इकोवर दिसणाऱ्या कार्डायटिसला मुख्य निकषात बसवले. एएसओ घशातला स्ट्रेप्टोकोकस येऊन गेल्याचे सांगतो. झडपेबद्दल त्याला काहीच ठाऊक नसते.

यावर आक्षेप असा की, तापलेल्या मुलाच्या मायट्रल झडपेतून थोडी गळती दिसणारच. मग धडधाकट मुलांनाही वर्षानुवर्षे पेनिसिलिन टोचायचे का? आक्षेप रास्त आहे आणि ‘ट्रिव्हियल एमआर’ एवढ्यावर संपणारे रिपोर्ट त्याला खतपाणीच घालतात. निकष मात्र मोघम नाहीत. गळतीचा झोत किमान दोन व्ह्यूंत दिसावा, एकात तरी २ सेंटिमीटर भरावा, वेग सेकंदाला ३ मीटरपेक्षा जास्त असावा आणि गळती संपूर्ण सिस्टोलभर टिकावी. यातले एक जरी कमी पडले तरी डॉपलरच्या जोरावर कार्डायटिस म्हणता येत नाही. हे आकडे रिपोर्टात मागून घ्यावेत. संशय दाट असेल तर पहिला इको स्वच्छ आला तरी दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा करावा. न ऐकू येणारा आजार शोधून उपयोग काय, याचे उत्तर युगांडातून आले आहे: इकोवरच सापडलेल्या ८१८ मुलांपैकी पेनिसिलिन घेणाऱ्यांत दोन वर्षांत ०.८ टक्के मुलांचा आजार वाढला, न घेणाऱ्यांत ८.२ टक्के.

अशी मुले शोधायला इकोचे यंत्र शाळाशाळांत न्यायचे तर पीसीपीएनडीटी कायदा आडवा येतो. सोनोग्राफी यंत्रांवर नजर ठेवणारा ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ जिथे सुरू झाला त्या कोल्हापुरात त्याचे कारण सांगायला नको. पण हा प्रश्न आपल्या दारात आलेल्या आजारी मुलाचा आहे. त्याला एमआरआयही लागत नाही. मायोकार्डायटिसमध्ये त्याचे मोल मोठे, पण इथे सूज मुख्यतः झडपेची. सीपीआर रुग्णालयात पाठवताना चिठ्ठीवर ‘ऱ्हुमॅटिकचा संशय, डॉपलरसह इको’ असे स्पष्ट लिहावे आणि निदान होईपर्यंत दुखण्याला पॅरासिटामॉलच द्यावे. ॲस्पिरिन आधीच सुरू केले की सांध्यांची सूज झटक्यात उतरते आणि तिचे फिरणे कुणालाच दिसत नाही.