तांब्यातले पाणी

परवा रविवारी सकाळी आमच्या दारावर थाप पडली. शेजारचे काका आले होते. अडचणीच्या वेळी आम्ही त्यांच्याकडून दोन हजार रुपये उसने घेतले होते. पगार झाल्यावर देतो म्हणालो होतो. पण पगार झाला आणि पैसे भलतीकडेच खर्च झाले. आम्ही आतूनच धाकट्या मुलीला म्हणालो, "सांग त्यांना, पप्पा ध्यानाला बसलेत."

तिने तसे सांगितले. काका "बसू द्या, बसू द्या" म्हणत चपलांचा आवाज न करता परत गेले. थोड्या वेळाने मुलगी जवळ येऊन म्हणाली, "पप्पा, तुम्ही तर पेपर वाचत होता ना?"

रोज संध्याकाळी वंदनेला ती आमच्याच शेजारी बसून पंचशील म्हणते. चौथे शील तिला तोंडपाठ आहे. आमच्याकडे उत्तर नव्हते.

वाचकहो, मज्झिम निकायात भगवान बुद्धांनी राहुलला केलेला एक उपदेश आहे. अट्ठकथेप्रमाणे राहुल तेव्हा अवघा सात वर्षांचा होता. त्याने भगवंतांसाठी आसन मांडले, पाय धुण्यासाठी पाणी ठेवले. पाय धुऊन झाल्यावर भगवंतांनी भांड्यात थोडेसे पाणी शिल्लक ठेवले व म्हणाले, जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रमणत्व एवढेच. मग ते पाणी फेकून दिले, भांडे पालथे केले, पुन्हा उलथे करून रिकामे दाखवले. पुढे त्यांनी विचारले, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, राहुल म्हणाला. तसेच काया, वाचा आणि मन यांचे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर पाहावे. त्याने स्वतःचे वा दुसऱ्याचे अहित होत असेल, तर थांबावे. काया-वाचेने चूक घडून गेली असेल, तर जाणत्यांपुढे ती उघड करावी व पुन्हा होऊ देऊ नये.

श्वासावर लक्ष ठेवण्याची आनापानसती याच राहुलला भगवंतांनी शिकवली, पण ती पुढे, तो तरुण झाल्यावर. आधी सत्य, मग श्वास. हा क्रम आम्ही विसरलो होतो. रोज वीस मिनिटे डोळे मिटून बसतो, म्हणजे आपली प्रगती झाली, असे आम्हाला वाटू लागले होते. खोटे लपवायला तर आम्ही ध्यानाचाच पडदा केला!

या उपदेशाचे महत्त्व सम्राट अशोकाने ओळखले होते. राजस्थानातील बैराटच्या शिलालेखात त्याने भिक्खू-भिक्खुणींनी व उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत, त्यांचे मनन करावे असे सात धम्मपाठ सांगितले आहेत. त्यांत खोटे बोलण्याविषयी राहुलला केलेला हा उपदेश आहे. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहेच.

त्या संध्याकाळी आम्ही मुलीला सोबत घेऊन काकांकडे गेलो. पैसे अजून जमले नाहीत आणि सकाळी आम्ही ध्यानाला बसलो नव्हतो, हे दोन्ही सांगितले. सांगताना जीभ जड झाली. काका क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "पैशाचं सोडा, पण पुढच्या वेळी दार उघडा." दोन हप्त्यांत पैसे द्यायचे ठरले.

आता आमच्या घरी एक सवय लावली आहे. रात्री जेवणानंतर दहा मिनिटे श्वासाकडे पाहायचे आणि उठण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःलाच विचारायचे: आज कोणाला दुखावले? काय खोटे बोललो? उद्या कोणाकडे जाऊन ते दुरुस्त करायचे? यासाठी गुरू लागत नाही, पैसा लागत नाही. घरात लहान मूल असेल तर त्यालाही सोबत बसवा. आपण विसरलो तरी ते विसरत नाही.

परवाच्या हप्त्याचे पैसे द्यायला आमची मुलगीच पुढे धावली होती.