शब्दविचार : ‘राव’

वाचकहो, आडनाव कळले की माणसाची भाषा आणि प्रांत कळला, असा आपणांपैकी पुष्कळांचा समज असतो. माझाही होता. बंगळुरातील मारतहळ्ळीहून एक कन्नड लेख भाषांतरासाठी आला. खाली आद्याक्षरे व ‘राव’ एवढीच सही. मी नावामागे ‘श्री.’ लावले, परिचयात क्रियापदे पुल्लिंगी योजिली आणि अंक छापून गेला. पुढे पत्र आले, तेही स्वच्छ मराठीत. लेखक नव्हे, त्या लेखिका होत्या. आणि त्यांच्या घरची भाषा तंजावरी मराठी होती!

माझी चूक शब्दाच्या इतिहासात दडलेली आहे. संस्कृत ‘राजन्’ शब्दापासून प्राकृतातून ‘राय’ आणि ‘राव’ आले. १४५९ साली जोधपूर वसविणारा जोधा ‘राव’ होता, तर विजयनगरचा कृष्णदेव ‘राय’. महाराष्ट्रात ही राजपदवी पुरुषाच्या नावाला चिकटली : बाजीराव, यशवंतराव. इंग्रजी अमदानीत ‘रावबहादुर’ हा किताब झाला. आणि ‘काय राव!’ म्हणून आपण मित्रालाही घटकाभर राजा करतो. दक्षिणेत मात्र हाच ‘राव’ नावापासून सुटा झाला व आडनावाच्या जागी बसला. साहजिकच स्त्रियाही तो लावू लागल्या.

या एका शब्दाखाली अनेक भाषा नांदतात. शास्त्रज्ञ सी. एन. आर. राव बंगळुरातील कन्नड घराण्यातले. माजी पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव तेलुगूभाषक; त्यांनी हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी तेलुगूत नेली. उलट त्रावणकोर, इंदूर व बडोदे येथे दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव (१८२८–१८९१) कुंभकोणचे, पण घराणे मराठी.

आम्ही दुरुस्ती छापली. परंतु त्या पत्रातील एक वाक्य मनातून जात नाही. बाईंच्या शेजारी दोन वर्षे एक पुणेकर कुटुंब राहत होते. दारावरची ‘राव’ ही पाटी वाचून ते इंग्रजीतच बोलत. आणि आत वृद्ध सासूबाई मराठीत दोन शब्द बोलायला कोणी भेटेल का, म्हणून वाट पाहत होत्या.

तेव्हा वाचकहो, आपल्या जिन्यावर अशी पाटी असेल, तर तर्क करीत बसू नका. दार ठोठवा आणि विचारा, “आपल्या घरी कोणती भाषा बोलतात?”