वणवा, घर आणि विम्याचा आकडा

ऑस्ट्रेलियात घराच्या विम्यामध्ये आगीबरोबर वणव्याचे नुकसानही बहुधा धरलेले असते. त्यामुळे तिथल्या घरमालकापुढचा खरा प्रश्न विमा आहे की नाही हा नसून तो किती रकमेचा आहे, हा असतो. विमा रक्कम, म्हणजे घर पूर्ण जळाल्यास कंपनी जास्तीत जास्त जेवढे पैसे देईल तो आकडा, बहुतेक पॉलिसींमध्ये मालकानेच ठरवायची असते आणि तो ती अनेकदा घर बांधले तेव्हाच्या खर्चावरून ठरवतो.

पण जळालेले घर जसेच्या तसे पुन्हा बांधता येत नाही. 7 फेब्रुवारी 2009 रोजी व्हिक्टोरिया राज्यातल्या वणव्यांनी 173 बळी घेतले, दोन हजारांहून अधिक घरे जळाली आणि त्याच वर्षी ‘एएस 3959’ हे बांधकामाचे मानक सुधारून लागू झाले. जमिनीचा उतार, झाडीचा प्रकार आणि तिचे घरापासूनचे अंतर पाहून प्लॉटला ‘बाल’ (वणव्याच्या माऱ्याची पातळी) ही श्रेणी दिली जाते, 12.5, 19, 29, 40 हे तिचे आकडे भिंतीच्या दर चौरस मीटरवर किती किलोवॉट उष्णता आदळू शकते ते सांगतात आणि त्यापुढची श्रेणी थेट ज्वाळांच्या पट्ट्याची असते. घरे बहुतेक वेळा ज्वाळांनी नव्हे, तर वाऱ्याने उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात. पन्हाळीत साचलेला पालापाचोळा किंवा छताखालची फट एवढे निमित्त त्यांना पुरते. म्हणून झरोक्यांना 2 मिलिमीटरपेक्षा मोठी भोके नसलेली धातूची जाळी आणि वरच्या श्रेणींत खिडक्यांना कडक केलेली काच सक्तीची आहे. हा वाढीव खर्च, ॲस्बेस्टॉस मिसळलेला राडारोडा उचलण्याचा खर्च आणि एकाच वेळी शेकडो घरे उभी राहू लागली की चढणारी सुतार-गवंड्यांची मजुरी, यांतले काहीच जुन्या आकड्यात नसते.

हा हिशेब सामान्य कुटुंबावर सोपवणे अन्यायाचे आहे. पुनर्बांधणीचा पूर्ण खर्च, तो कितीही होवो, देणाऱ्या पॉलिसी आहेत, पण त्या मोजक्याच कंपन्या देतात. त्यात अग्निशमन दलाचा कर विम्याच्या हप्त्यातूनच वसूल केला, तर हप्ता परवडावा म्हणून माणूस विमा रक्कमच कमी करतो. व्हिक्टोरियाने 2009 च्या वणव्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाच्या शिफारशीवरून 2013 मध्ये हा कर हप्त्यावरून काढून मालमत्तेवर बसवला. न्यू साउथ वेल्स राज्याने तोच बदल 2017 मध्ये ऐनवेळी लांबणीवर टाकला, आणि त्याची झळ प्रामाणिकपणे विमा उतरवणाऱ्यांनाच बसली.