रेशमाऐवजी काच

सांगलीतील एका घरात जेवणाच्या टेबलावर विमानाचा पंख ठेवलेला आहे. लांबी १४० सेंटिमीटर, रुंदी २५; वरून-खालून बाल्साच्या पातळ फळ्यांनी मढविलेला. नातू त्यावर पांढरे, झुळझुळीत कापड अंथरतो आहे. आजी दारातूनच विचारतात, "काय रे, हे रेशीम तर नव्हे?" "नाही आजी, काच आहे." आजींचा विश्वास बसत नाही, त्या जवळ येऊन कापड बोटांनी चाचपून पाहतात.

आजींचा प्रश्न अस्थानी नाही. घरी विमानांच्या प्रतिकृती बांधणाऱ्यांनी अनेक दशके पंखांवर रेशीमच ताणले आणि त्यावर डोपचे हात दिले. रेशीम हलके, चिवट आणि वळणावर सुरेख बसणारे. पण कोशातील जीव उकळत्या पाण्यात मारल्यावाचून तो अखंड धागा हाती येत नाही. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरतीचा समावेश आहे. निष्प्रयोजन हिंसा टाळावी, असा तिचा आशय. उपजीविकेसाठी घडणाऱ्या हिंसेबद्दल निदान वाद तरी घालता येईल. छंदासाठी घडणाऱ्या हिंसेला ती सबबही उरत नाही.

काचतंतूंच्या कापडात हा प्रश्न मुळातच उद्भवत नाही. वितळलेल्या काचेचे केसाहून बारीक तंतू ओढून ते विणलेले असते. मात्र ते रेशमाची प्रत्येक जागा घेत नाही. फळीने मढविलेल्या, भरीव पृष्ठभागावरच ते शोभते. उघड्या बरगड्यांच्या पंखावर ते ताणून बसत नाही; तेथे इस्त्रीने आक्रसणारी प्लास्टिकची फिल्म किंवा पॉलिएस्टरचे कापड वापरावे.

निम्मे काम रेझिनची बाटली उघडण्यापूर्वीच संपलेले असावे लागते. लाकडावरील खाचा हलक्या पुट्टीने भरून पंख आधी २२० आणि मग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावा आणि धूळ पूर्ण टिपून घ्यावी. राहिलेला एक कणही कापडाखाली फुगवटा होऊन कायमचा दिसत राहतो. कापड कडेने दोन सेंटिमीटर जास्त ठेवून कापावे आणि मऊ ब्रशने मधून बाहेर सारीत सपाट करावे. इपॉक्सी रेझिन आणि हार्डनर बाटलीवरील प्रमाणातच मिसळावेत. हार्डनर वाढविल्याने काम लवकर होत नाही, उलट थर कच्चा राहतो. मिश्रण मध्यभागी ओतून जुन्या प्लास्टिक कार्डाने कडेकडे ओढीत न्यावे. कापड पारदर्शक झाले की रेझिन पुरेसे झाले. त्यानंतर कार्ड पुन्हा फिरवून जेवढे निघेल तेवढे रेझिन काढून टाकावे.

नवशिक्याचा हात येथेच अडखळतो. चकाकी पाहून त्याला आणखी ओतावेसे वाटते. या पंखाच्या दोन्ही बाजू मिळून ०.७ चौरस मीटर भरतात. चौरस मीटरला २५ ग्रॅम वजनाचे कापड घेतले, तर कापड साडेसतरा ग्रॅम आणि सफाईने काम केल्यास रेझिनही साधारण तेवढेच. एकूण ३५ ग्रॅम. रेझिन दुप्पट राहिले की हाच आकडा साडेबावन्नवर जातो. बळकटी कापड देते. जादा रेझिन केवळ ओझे वाढविते. परिग्रहाचे इतके रोख उदाहरण क्वचितच वजनकाट्यावर दिसते.

रेशीम टाळले म्हणजे सारे निर्दोष झाले, असे मात्र नव्हे. बाजारातील स्वस्त ब्रश पुष्कळदा डुकराच्या केसांचे असतात. नायलॉनचा ब्रश किंवा फोमचा रोलर मागून घ्यावा. उरलेले रेझिन मोरीत ओतू नये. ते वाटीतच घट्ट होऊ द्यावे आणि मग कचऱ्यात टाकावे. मोठ्या प्रमाणात कालवलेले मिश्रण वाटीतच तापते, म्हणून थोडे थोडेच करावे. हातमोजे आवश्यक आहेत, कारण इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. घासताना मास्क हवाच. पेपर पाण्यात भिजवून घासल्यास काचेची धूळही फारशी उडत नाही.

चातुर्मासात हे काम शक्यतो टाळावे. दमट हवेत सुकणाऱ्या इपॉक्सीवर काही वेळा मेणचट थर येतो. तो कोमट पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा हात धरत नाही.

एक दिवसाने कडेचे लोंबते कापड पातीने कापण्याऐवजी पॉलिश पेपरने घासून तोडावे. धार स्वच्छ येते. मग रेझिनचा दुसरा, अगदी पातळ हात द्यावा, म्हणजे विणीची छिद्रे बुजतात. त्यावर प्रायमर मारावा आणि तो जवळजवळ सगळा घासून काढावा. छिद्रांत राहील तेवढाच ठेवावा. घासताना तंतू उघडे पडू लागले, की हात थांबवावा. रंग देण्यापूर्वी पंख पुन्हा काट्यावर ठेवून आकडा वहीत लिहावा. पुढच्या पंखाच्या वेळी तो उपयोगी पडतो.