बेघराकडे घराचा पुरावा मागणारे शासन

१/ बेघरांविषयीच्या शासकीय धोरणाचा इतिहास हा करुणेचा इतिहास आहे, असा आपला समज असतो. मुंबईपुरता तरी तो खरा नाही. येथे शासनाने पिढ्यान्‌पिढ्या एकच प्रश्न विचारला : ‘येथे कधीपासून आहेस?’ ‘आज रात्री कुठे निजशील?’ हे क्वचितच विचारले.

२/ १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. खोली गमावलेले शेजारच्या चाळींत शिरले. दाटी हा रोग ठरला होता. औषधाने तीच वाढवली.

३/ १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा पाहा. हात पसरला नसला, तरी उपजीविकेचे दृश्य साधन नसलेला, दीनवाणा दिसणारा माणूस रस्त्यावर फिरताना आढळला की तो ‘भिकारी’ ठरू शकतो. वॉरंटाशिवाय अटक होते. पहिल्याच खेपेस एक ते तीन वर्षे भिक्षेकरीगृहात डांबण्याची तरतूद आहे. दिल्लीत या कायद्याचा गाभा २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केला. महाराष्ट्रात तो कायम राहिला.

४/ जुलै १९८१. भर पावसात मुख्यमंत्री अंतुले यांच्या आदेशाने पदपथांवरची बिऱ्हाडे मोडली गेली, माणसे बसमध्ये घालून शहराबाहेर धाडली गेली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर सर्वोच्च न्यायालयात गेले.

५/ १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने सांगितले की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. हे सारेच उद्धृत करतात. त्याच निकालाने पदपथ मोकळे करण्यास संमती दिली, हे मात्र सांगितले जात नाही. सवलत एवढीच, की ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबावे. पर्यायी जागा १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्यांना. तीही हटवण्याची पूर्वअट नव्हे.

६/ पुढे तारखा सरकत गेल्या : १९९५, २०००, सशुल्क घरासाठी २०११. पण पुरावा मागितला जातो तो झोपडीचा. ज्याला झोपडीही नाही, त्याने कशाचा द्यावा?

७/ ‘पदपथ चालणाऱ्यांचे आहेत’ हा आक्षेप रास्तच आहे. परंतु हटवलेला माणूस नाहीसा होत नाही; पुढच्या पुलाखाली जातो. त्याचे काम याच शहरात असते.

८/ २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष असा : एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांसाठी निवारा. २०११ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती १ कोटी २४ लाख, बेघर सुमारे ५७ हजार. म्हणजे किमान निकष तंतोतंत पाळला, तरी अंथरूण जेमतेम १२,४०० जणांना. बाकीच्यांची उपेक्षा निकषातच लिहिलेली आहे.

९/ तेव्हा क्रम उलटा करावा. आधी पुरावा न मागता निवारा. मग त्याच पत्त्यावर शिधापत्रिका. आणि निराधार दिसणे हा गुन्हा मानणारा कायदा रद्द. जे धोरण बेघराला घराचा दाखला आणायला सांगते, ते बेघरांसाठी केलेलेच नसते.